ताईला घेऊन लॉजवर

आई गेली आणि नागपूरच्या घरात बाबा आणि ताई दोघंच उरले. पहिला हिवाळा त्यांनी कसाबसा काढला. मग माझ्या बायकोनंच विषय काढला, की दोघांनाही सहा महिने इकडे शिकागोजवळ शॉमबर्गला आणू या. मी हो म्हणालो, तिकिटं काढली, व्हिसाच्या मुलाखतीची तयारी बाबांकडून फोनवर करून घेतली. ऑफिसात मात्र एवढंच सांगितलं, की वडील येताहेत.

ताई माझ्याहून मोठी. तिला डाउन सिंड्रोम आहे. हा शब्द मी अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला, तोही बायकोपुढे. नागपूरला आमच्या घरात त्याला काही नावच नव्हतं. शेजारपाजारचे 'भोळी आहे बिचारी' म्हणायचे, माझ्या वर्गातली मुलं दुसरे शब्द वापरायची. लग्नाकार्याला जायचं असलं की आई तिला शेजारच्या काकूंकडे ठेवायची. माझ्या लग्नाचं बघणं सुरू झालं तेव्हा तिची रवानगी वर्ध्याला मावशीकडे झाली. साखरपुड्याआधी मीच माझ्या होणाऱ्या बायकोला सगळं सांगून टाकलं. ती चिडली, पण ताई अशी आहे म्हणून नाही. घरात पाहुणे आले म्हणून तिला वर्ध्याला का पाठवलं, म्हणून चिडली. मला तेव्हा ते नीटसं कळलं नव्हतं.

अमेरिकेत आल्यावर माझं काम सोपं झालं. इथे कुणी आमच्या गल्लीतलं नव्हतं. सांता क्लाराच्या पहिल्या नोकरीत टीमच्या जेवणाच्या वेळी कुणीतरी विचारलं, भावंडं किती. मी म्हटलं, एकटाच. पुढे नोकरी बदलली, गाव बदललं, पण ते उत्तर तसंच राहिलं. शॉमबर्गच्या मराठी मंडळातही मी एकुलता एक म्हणूनच ठाऊक होतो.

ओहेअर विमानतळावर बाबा ट्रॉली ढकलत बाहेर आले आणि त्यांच्या मागे व्हीलचेअरवर ताई. चालता येत होतं तिला, पण लांबच्या प्रवासानं पाय सुजले होते. व्हीलचेअर ढकलणाऱ्या बाईंचा हात धरून ती विचारत होती, "जेवले?" ताई सगळ्यांना हेच विचारते. ओळख असो नसो, हात हातात घ्यायचा, तोंडाकडे बघायचं आणि विचारायचं. आईनं शिकवलेलं, आल्यागेल्याला विचारावं म्हणून. माझी मुलगी धावत जाऊन आत्याच्या गळ्यात पडली. मी सामान गाडीत भरायच्या निमित्तानं आधी पुढे गेलो. आसपास आपल्याकडची बरीच माणसं होती.

जुलैमध्ये मुलीचा वाढदिवस होता. मागच्या अंगणात ग्रिल लावलं होतं, ऑफिसातले दोघंतिघं आणि मंडळातली चारपाच कुटुंबं येणार होती. मी सकाळी बायकोला म्हणालो, की इतक्या गोंगाटात ताई घाबरेल, तिला वरच्या खोलीत टीव्ही लावून देऊ. बायको म्हणाली, "तूच सांग मग बाबांना." मी सांगितलं. बाबांनी मान हलवली, ताईला हाताशी धरून वर नेलं आणि स्वतःही खाली आले नाहीत. पाहुण्यांनी बाबांची चौकशी केली तेव्हा त्यांना बरं नाही, असं मी सांगितलं. केक कापून झाल्यावर मुलीनं एका कागदी प्लेटमध्ये मोठा तुकडा घेतला आणि जिन्याकडे निघाली. कुणासाठी, असं एका मैत्रिणीनं विचारलं असावं. मी आतल्या बाजूला उभा होतो, मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "डॅडी, इज आत्या इन टाइम-आउट?"

शाळेत खोडी केली की मुलांना वेगळं बसवतात, ते टाइम-आउट. मी तिला म्हटलं, जा, देऊन ये. पुढचा सगळा वेळ मी ग्रिलपाशी उभा राहून कणसं भाजत होतो आणि घरात जायची माझी हिंमत होत नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यापासून बाबांनी आपला दिनक्रम बसवला. बाबा सिंचन खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, त्यांना चालायची सवय. सकाळी मी ऑफिसला निघालो की ते ताईला घेऊन फिरायला बाहेर पडायचे. एक दिवस रात्रीच्या जेवणाला बसलो असताना ते सहज म्हणाले, की आज आम्ही दोघं लॉजवर गेलो होतो.

माझ्या घशात घास अडकला. आपल्याकडे लॉजवर जाणं म्हणजे काय ते सांगायला नको. बायको तोंडाला पदर नव्हता म्हणून ओढणी लावून हसत होती. मग बाबांनी खुलासा केला. आमच्या घराच्या पलीकडे, टायरच्या दुकानाच्या मागे एक बसकी विटांची इमारत आहे. मी तिच्यावरून रोज गाडीनं जायचो आणि तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. तिच्यावर एक ढालीचं चिन्ह आहे आणि खाली लॉज असं लिहिलेलं. इथल्या एका जुन्या बंधुसंघटनेची ती बैठकीची जागा. त्या दिवशी दार उघडं होतं, आतून खरपूस वास येत होता. बाबा थांबले नाहीत, पण ताई थांबली आणि सरळ आत गेली. आत चारदोन म्हातारे तव्यावर पॅनकेक भाजत होते. ताईनं त्यातल्या एकाचा पीठ लागलेला हात धरला आणि विचारलं, "जेवले?"

त्या गृहस्थांना काही कळलं नाही. पण त्यांनी खुर्ची ओढली, तिला बसवलं आणि पुढ्यात प्लेट ठेवली. बाबा मागून धावत आले, आपल्या ऑफिशियल इंग्रजीत माफी मागू लागले. तर ते गृहस्थ म्हणाले, माफी कसली, दुसरी खुर्ची घ्या.

ते रेल्वेतून निवृत्त झालेले, बाबांच्याच वयाचे. त्या संघटनेतले लोक एकमेकांना ब्रदर म्हणतात, म्हणून बाबा त्यांना भाऊ म्हणू लागले. आमच्या नागपुरात रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सगळेच भाऊ, त्यामुळे बाबांना ते जड गेलं नाही. त्यांनाही ते आवडलं. 'बाऊ' म्हणायचे ते स्वतःला. मग बाबा आणि ताई जवळजवळ रोज तिथे जाऊन हातभार लावू लागले.

मला मात्र ते आवडलं नाही. मी बाबांना सांगितलं, की व्हिजिटर व्हिसावर असताना असं कुठेही जाऊन काम करणं बरोबर नाही. बायकोनं दुसऱ्या दिवशी एका वकील मैत्रिणीला विचारलं, तिनं सांगितलं की पगार न घेता धर्मादाय कामात हातभार लावायला हरकत नाही. मग मी म्हणालो, ही माणसं चर्चवाली असतात, हळूहळू धर्मावर येतील. बाबा शांतपणे म्हणाले, की त्यांनी अजून चहा का कॉफी एवढंच विचारलं आहे. खरं कारण मी बोललो नाही आणि बाबांनी विचारलं नाही. टायरच्या दुकानात आमच्या मंडळातले लोक येतात. दुकानाच्या मागच्या काचेतून ती इमारत स्पष्ट दिसते.

ऑगस्टच्या अखेरीस एकदा अचानक पाऊस आला आणि त्यांना आणायला मला तिथे जावं लागलं. मी पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं. लांबट हॉल, एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला छोटं व्यासपीठ, आणि भिंतीवर जुने फोटो. फोटोतल्या माणसांच्या डोक्यावर पिसांच्या टोप्या, कमरेला तलवारी, अंगावर झालरी. बाबा मला म्हणाले, "आपल्या लग्नातल्या बँडवाल्यांसारखे दिसतात नाही?" भाऊंनी काय म्हणाले ते विचारलं. मी टाळलं, तर बाबांनीच आपल्या इंग्रजीत सांगून टाकलं. भाऊ इतके हसले, की त्यांना खाली बसावं लागलं.

मग त्यांनी मला त्या फोटोंची हकीकत सांगितली. त्यांचे आजोबा बोटीनं या देशात आले आणि शिकागोच्या कत्तलखान्यांत कामाला लागले. तेव्हा त्यांच्या देशाच्या, त्यांच्या पंथाच्या माणसांना इथे चांगली नोकरी नव्हती, घर भाड्यानं मिळायचं नाही, विमा तर कुणी उतरवायचंच नाही. कामावर माणूस मेला की बायकोमुलं रस्त्यावर. म्हणून त्यांनीच आपापसात वर्गणी काढून ही संघटना उभी केली. आजारी माणसाला भेटायला जायचं, मेलेल्याला नीट पुरायचं, त्याच्या मागच्यांना बघायचं, एवढीच सुरुवातीची कामं. बाबा मध्येच म्हणाले, की म्हणजे भिशी. मी भाऊंना भिशी समजावून सांगितली. ते म्हणाले, बरोबर, फक्त आमच्या भिशीला तलवारी होत्या. लोक आपल्याला हलकं समजतात म्हणून सणाच्या दिवशी तरी राजासारखं दिसायचं, अशी आजोबांची हौस. ते आजोबा यंत्रात सापडून गेले. त्यांच्या लॉजनं आजीला सांभाळलं, भाऊंच्या वडिलांना शाळेत घातलं.

पुढे विमा बिमा सगळ्यांनाच मिळू लागला, आणि संघटनेनं दुसरी कामं धरली. अपंगांना खुर्च्या द्यायच्या, थंडीत मुलांना कोट वाटायचे. या लॉजनं घेतलेलं काम म्हणजे ताईसारखी मोठी झालेली माणसं. शाळा असते तोवर त्यांचं बरं चालतं, पुढे ती घरात बसून राहतात. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा शुक्रवारी संध्याकाळी इथे नाच असतो, बोलिंगच्या सहली असतात, पाहिजे त्याला काम शिकवणाऱ्या केंद्राची फी दिली जाते.

एवढं भाऊंनी अभिमानानं सांगितलं. मग फोटोकडे बोट करून म्हणाले, की यात एक तरी काळा माणूस दिसतो का बघ. नवा सभासद घ्यायचा की नाही ते गुप्त मतदानानं ठरायचं. पेटीत पांढऱ्या आणि काळ्या गोट्या टाकायच्या. नकाराला एक काळी गोटी पुरेशी असायची. कुणी टाकली ते विचारायचं नाही. "ज्यांना सगळ्यांनी दाराबाहेर ठेवलं, त्यांनी स्वतःचं दार बांधलं आणि मग तेच केलं," असं ते म्हणाले. या गोष्टीची आपल्याला लाज वाटते, आणि आपण ती प्रत्येक नव्या माणसाला सांगतो, असंही ते म्हणाले. बाबांनी मला त्यांना सांगायला लावलं, की आमच्या गावच्या विहिरीवरही असंच होतं, आणि आमचं घर पाणी भरू न देणाऱ्यांतलं होतं.

मी दोघांचं बोलणं इकडून तिकडे करत होतो. दोन म्हातारी माणसं आपापल्या घरची लाज एकमेकांना सांगत होती आणि सांगून मोकळी होत होती. ताई पलीकडे नॅपकिनच्या घड्या घालत बसली होती. भाऊंनी मला विचारलं, की शुक्रवारी तुझ्या बहिणीला नाचायला आणशील का. मी हो म्हणालो.

आणलंही. पण आत गेलो नाही. बाबा आणि ताईला दारापाशी सोडलं आणि गाडी मागच्या बाजूला, कचऱ्याच्या पेट्यांपाशी उभी करून मोबाइलवर ऑफिसच्या मेल बघत बसलो. आतून संगीताचा ठोका ऐकू येत होता. नाच संपल्यावर ताई घामानं निथळत बाहेर आली. तिच्या गळ्यात रंगीत मण्यांची माळ होती. घरी आल्यावर तिनं माझ्या बायकोला सगळा नाच करून दाखवला. मुलगीही नाचली. मी जेवण गरम करत होतो.

सप्टेंबरात त्या संघटनेची वर्षाची मोठी वर्गणी असते. सभासद केशरी एप्रन घालून चौकाचौकांत उभे राहतात, सिग्नलला थांबलेल्या गाड्यांपाशी जातात, डबा पुढे करतात, आणि कुणी काही टाको न टाको, एक टॉफी देतात. सभासद म्हातारे झालेले, नवे कुणी येत नाहीत, म्हणून भाऊंनी बाबांना विचारलं. बाबा लगेच तयार झाले. मला बायकोकडून कळलं. मी बाबांना एवढंच विचारलं, की चौकात उभे राहून पैसे मागणार तुम्ही? नागपूरला कुणी असं पाहिलं तर काय म्हणेल? बाबा म्हणाले, "नागपूरला कोण सांगून राहिलं? तू?"

त्या शुक्रवारी दुपारी आम्ही ऑफिसातले चौघं जेवायला निघालो. गाडी चालवत होता आमच्या टीममधला पुण्याचा एक मित्र. मुलीच्या वाढदिवसाला आला होता तो. त्याच्या शेजारी आमचा अमेरिकन मॅनेजर, मागे मी आणि हैदराबादची एक मुलगी. बाबा कुठल्या चौकात असतील ते मी सकाळी मुद्दाम विचारलं नव्हतं. सिग्नल लाल झाला, गाडी थांबली, आणि समोरून केशरी एप्रन घातलेले बाबा गाड्यांच्या रांगेतून आमच्याकडे येऊ लागले. डोक्यावर भाऊंनी दिलेली टोपी होती, हातात डबा. चालण्यावरून मी त्यांना लांबूनच ओळखलं.

मित्रानं काचा खाली केल्या. मॅनेजरनं खिशातून काही काढून डब्यात टाकलं. बाबा वाकून थँक यू म्हणाले आणि टॉफ्या देताना त्यांनी मागे पाहिलं. आमची नजरानजर झाली. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं ते मला माहीत आहे, कारण मला आतून तेच होत होतं. मी सीटमध्ये मागे सरकलो होतो. बाबांचा हात एक क्षण थांबला. मग त्यांनी माझ्याही हातावर टॉफी ठेवली.

"थँक यू, सर," ते मला म्हणाले. आणि पुढच्या गाडीकडे गेले.

त्यांनी मला ओळख दाखवली नाही. माझी सोय व्हावी म्हणून. माझ्या वडिलांनी भर चौकात मला सर म्हटलं आणि मी टॉफी मुठीत धरून बसून राहिलो. तेवढ्यात फुटपाथवरून आवाज आला. तिथे भाऊंच्या शेजारी खुर्चीवर, मांडीत टॉफ्यांची टोपली घेऊन, ताई बसली होती. तिनं मला बघितलं होतं. ती उठून उभी राहिली, हात हलवू लागली आणि मोठ्यानं म्हणाली, "बाळ! जेवला?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला, मित्रानं गाडी पुढे काढली. आरशात बघत तो म्हणाला, यार, ती बाई मराठीत बोलली का? मी काचेबाहेर बघत राहिलो. मॅनेजरनं कुठल्या तरी मीटिंगचा विषय काढला आणि ते बोलणं तिथेच थांबलं.

रेस्टॉरंटमध्ये मी प्लेट वाढून घेतली, पण तिला हात लावला नाही. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला मित्र उठला तेव्हा मीही उठलो. भाताच्या भांड्यापाशी उभा राहून मी त्याला सांगितलं, की ती माझी ताई होती. आणि टॉफी दिली ते माझे वडील. तो डाव हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, काही तरी समजुतीचं बोलेल.

"मग थांबलो का नाही आपण?" त्यानं विचारलं.

परत जाताना तो मुद्दाम त्याच रस्त्यानं गेला, पण चौकात तेव्हा दुसरीच माणसं उभी होती.

संध्याकाळी मी लवकर घरी आलो. बाबा मागच्या अंगणात पाय पाण्यात सोडून बसले होते. दिवसभर उभं राहून त्यांच्या टाचा दुखत होत्या. मी शेजारी बसलो. कसं सुरू करावं कळेना, म्हणून चुकलं माझं, एवढंच म्हणालो. मग बाबा बोलायला लागले. तोवर असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

ते म्हणाले, की ताई लहान असताना तेही तिला अंधार पडल्याशिवाय बाहेर न्यायचे नाहीत. साहेब घरी येणार असले की आई तिला मागच्या खोलीत बसवायची आणि बाहेरून कडी लावायची. ती आतून दार वाजवायची नाही, कारण तिला वाटायचं हा खेळ आहे. लोक देवाचा कोप म्हणायचे, आणि बाबांनाही मनातून तसंच वाटायचं. आई गेली, तिच्या दिवसांना माणसं आली, तेव्हाही कुणीतरी ताईला आत नेऊन बसवलं आणि बाबा काही बोलले नाहीत.

"तुले ही लाज कोणी शिकवली? आम्हीच," बाबा म्हणाले. "मी विचार केला, इथं आपल्याले कोणी ओळखत नाही, तर एकदा चौकात उभं राहून पाहू. तिले घेऊन. काही होत नाही रे. लोक टॉफी घेतात अन् जातात."

मला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. मी टॉवेल आणून त्यांचे पाय पुसले, आणि तेही त्यांना अवघड झालं आणि मलाही. बाबांनी मला रागावलं असतं तर मी ते कुठेतरी ठेवू शकलो असतो. त्यांनी अर्धी लाज स्वतःकडे घेतली आणि माझ्या वाट्याची मला आणखीच जड झाली.

नोव्हेंबरच्या नाचाला मी आत गेलो. बायको आणि मुलगीही आल्या. कुणीतरी उगाचच आपल्याकडे बघेल असं मला वाटत होतं, तसं काही झालं नाही. भाऊंनी मला खुर्च्या भिंतीशी लावायला सांगितल्या, मग सरबताच्या टेबलापाशी उभं केलं. ताई वयानं तिच्याएवढ्याच एका उंच माणसाबरोबर नाचत होती. तो प्रत्येक गाण्यानंतर येऊन मला सरबत मागायचा आणि प्रत्येक वेळी आपलं नाव सांगून हस्तांदोलन करायचा. त्याची म्हातारी आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं मला विचारलं, तुमची बहीण नागपूरला दिवसभर काय करते, कुठे जाते, तिला मित्रमैत्रिणी कोण. मला यातलं एकही उत्तर नीट माहीत नव्हतं. फोनवर मी बाबांना ताईची तब्येत विचारायचो, बाकी काही नाही. मी म्हटलं, ती वडिलांना मदत करते. त्या बाईंनी मान हलवली. त्या मला बरं वाटावं म्हणून मान हलवताहेत, हे मला दिसत होतं.

डिसेंबरात बर्फ पडायच्या आत बाबा आणि ताई परत गेले. भाऊ निरोप द्यायला घरी आले होते. ताईसाठी त्यांनी केशरी एप्रन आणला होता. दोघं म्हातारे दारात बराच वेळ हात धरून उभे होते. दोघांनाही कळत होतं, की ही शेवटची भेट असू शकते.

आता त्या लॉजची इमारत विकायला काढली आहे. सभासद उरले थोडे, आणि छताची दुरुस्ती त्यांना झेपत नाही. नाच एका चर्चच्या तळघरात हलवला आहे. मी महिन्यातून एकदा जातो, खुर्च्या लावतो, सरबत ओततो. संघटनेचा सभासद मी नाही, पण भाऊ मला ब्रदर म्हणतात. मंडळातल्या कुणी विचारलं शुक्रवारी कुठे असतोस, तर व्हॉलंटियरिंग करतो, असं सांगतो. लोक कौतुक करतात. ते कौतुक मी घेतो, आणि का जातो ते दर वेळी सांगतोच असं नाही.

बाबांनी नागपूरला शोधून शोधून एक कार्यशाळा काढली. तिथे ताईसारखी मंडळी कागदी पिशव्या आणि पणत्या करतात. रोज सकाळी रिक्षा येते, ताई शेजाऱ्यांना हाका मारत रिक्षात बसते. बाबा म्हणतात, की पहिल्या दिवशी सगळी गल्ली गॅलरीत आली होती, आता कुणी येत नाही.

मागच्या आठवड्यात ताईनं रात्री झोपायच्या आधी घरून व्हिडिओ कॉल केला. तिला कार्यशाळेत रंगवलेली पणती दाखवायची होती. इथे सकाळ होती, मी ऑफिसात होतो. फोन घेऊन एका रिकाम्या मीटिंगच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. बाहेर लोकांना आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून, असं मी मनाशी म्हटलं. खोलीला काचेची भिंत होती. मी भिंतीकडे पाठ करून बसलो. ताई पणती कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आणत होती, की मला नुसता निळा रंग दिसत होता. बराच वेळ मी तसाच बसलो. मग उठलो आणि खुर्ची काचेकडे फिरवून घेतली.